घरोट कुठे ठेवायचा? : घरगुती ध्वनिमुद्रण आणि मिश्रणाची मूळ तत्त्वे

‘‘आन् घरोट कोठे गया रे भाऊ?’’

हा प्रश्न मला माझ्या थोरल्या चुलतीने २०११ साली विचारला. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. १९९४ साली शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या घरी ती पहाटे दळायला बसली असताना मी टू-इन-वनची दोन बटणे एकदम दाबून शेजारी बसलो होतो. दळण आणि ओव्या, दोन्ही कॅसेटवर उतरले. सतरा वर्षांनी ती कॅसेट मी संगणकावर घेतली आणि सॉफ्टवेअरच्या मदतीने ‘स्वच्छ’ केली. घरोटाची, म्हणजे जात्याची, घरघर पार काढून टाकली, आवाजाला थोडा घुमारा दिला आणि मोठ्या कौतुकाने तिच्या कानाला हेडफोन लावला. दोन ओव्या होईपर्यंत तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. तिसऱ्या ओवीला तो अडखळला आणि थांबला. मग तिने हेडफोन काढला आणि वरचा प्रश्न विचारला.

मिश्रण, म्हणजे ज्याला सगळे मिक्सिंग म्हणतात, त्याविषयी मी पुढे जे काही शिकलो ते या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिकलो. माझे रीतसर शिक्षण या विषयातले नाही. जळगावात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान चालवता चालवता ऐकायची सवय लागली आणि लोकगीते गोळा करण्याचा नाद जडला. आज खानदेशात चित्र पालटले आहे. एक संगणक, एक मायक्रोफोन आणि एक ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर घरच्या खोलीत अहिराणी गाणी तयार होतात. ‘हाई झुमकावाली पोर’सारखे गाणे खानदेशाबाहेरच्या लग्नांतही वाजते. दुसरीकडे काही मुले-मुली आपल्या आजीची कानबाईची, आखाजीची गाणी मोबाइलवर टिपून ठेवतात. दोघांनाही अडचण एकच येते: गाताना छान वाटलेले गाणे मुद्रणात चिखलासारखे का ऐकू येते? हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि गाणे नुसते ऐकणाऱ्यांसाठीही आहे.

यंत्राआधीचे मिश्रण

समोर चार जण गात-वाजवत असतात तेव्हा आपण दोन कानांनी आणि डोळ्यांनीही ऐकतो. कोण कुठे बसले आहे हे दिसते, ओठ हलताना दिसतात आणि नको तो आवाज मेंदू आपोआप मागे ढकलतो. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचलेले सगळे तो सारख्याच इमानाने टिपतो. म्हणून श्रोत्याचे मन जे काम करत होते ते नंतर कोणाला तरी हाताने करावे लागते. कोण जवळ, कोण लांब, कोण उजेडात आणि कोण सावलीत हे ठरवणे म्हणजे मिश्रण.

हे काम मिक्सरच्या आधीपासून चालत आले आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित करत होता तेव्हा वीज वापरणारा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका कर्ण्यात गायचे, त्या आवाजाने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. नंतर काही कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. गाणारी व्यक्ती कर्ण्याजवळ आणि मोठ्या आवाजाचे वाद्य लांब, असा अंतराचाच काय तो हिशेब. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, पुढे टेप आली, मग वेगवेगळ्या ट्रॅकवर वेगवेगळे आवाज घेण्याची सोय झाली. पण मूळ प्रश्न अंतराचाच राहिला.

आपल्या भजनी मंडळांना हे ठाऊक असते. टाळकरी मागे उभे राहतात आणि चाल धरणारा बुवा पुढे असतो. घरी ध्वनिमुद्रण करताना हीच अक्कल आधी वापरावी. मोकळ्या जागेत मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. गाणाऱ्याला एक वीतभर अंतरावर घेतले आणि ढोलकीवाल्याला सहा-सात फुटांवर बसवले की निम्मे मिश्रण तिथेच झाले.

धाब्याचे घर आणि स्लॅबची खोली

मोठ्या मायचे घर धाब्याचे होते. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर. भिंती ओबडधोबड, कोपऱ्यात उतरंड, खुंटीवर कपडे आणि वळकटीवर गोधड्या. असे घर आवाज पिते. आज आपण १० बाय १० फुटांच्या स्लॅबच्या खोलीत, फरशीवर बसून गातो. टाळी वाजवून पाहा, मागून झणझण ऐकू येते. ते भिंतीभिंतींमध्ये उलटसुलट धावणारे प्रतिध्वनी असतात.

खर्जाचा घोटाळा याहून वाईट. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट अंतर असेल तर सुमारे ५६ हर्ट्झचा सूर त्यांच्यात अडकून फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागले की हा आकडा मिळतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारख्या असल्या तर तोच सूर तिन्ही दिशांनी फुगतो. खोलीच्या मधोमध मात्र तो जवळजवळ नाहीसा होतो. नवशिका नेमका मधोमध बसतो, त्याला ढोलाचा खर्ज कमी वाटतो, तो वाढवतो आणि तेच गाणे दुसऱ्याच्या घरी भिंती हलवते.

उपाय स्वस्त आहेत. जमल्यास लांबी-रुंदी वेगळी असलेली खोली निवडावी. ऐकायला अगदी मध्यावर बसू नये. गाणाऱ्याच्या मागे दोरीवर दोन-तीन जाड गोधड्या टांगाव्यात, कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या कराव्यात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून फार काही होत नाही, खर्जावर तर काहीच नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखात गादीसाठी कोणाचे तोंड बघावे लागू नये. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पंखा बंद करणे जिवावर येते, म्हणून ध्वनिमुद्रण पहाटे ठेवावे. तेव्हा रस्ताही शांत असतो. हेडफोनमध्ये बारीक गुणगुण आली तर ती बहुधा ५० हर्ट्झ किंवा तिच्या पटीतली, म्हणजे विजेची असते. इन्व्हर्टर, चार्जर आणि मायक्रोफोनची तार एकमेकांपासून लांब न्यावी. उगमाशी पाच मिनिटांत जाणारा दोष मिश्रणात दिवसभर झगडूनही पुरता जात नाही.

आधी पातळी

संगणकावरच्या मुद्रणात शून्य डेसिबल हे छप्पर आहे. आवाज त्याला टेकला की लाटेचा माथा कापला जातो आणि कापलेला माथा परत जोडता येत नाही. त्यामुळे २४ बिटवर मुद्रण करावे आणि सर्वांत जोरकस ओळसुद्धा उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवावी. आवाज लहान वाटला तर नंतर वाढवता येतो.

मुद्रण झाल्यावर सगळे फेडर खाली आणावेत. गाण्यात ज्याच्यावाचून भागणार नाही तो आवाज प्रथम वर घ्यावा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा गळा असतो. मग त्याला धरून ताल आणि त्यानंतर बाकीचे. या टप्प्यावर एकही इफेक्ट लावू नये. अर्धा तास फक्त पातळ्या जुळवाव्यात. नवशिके हा टप्पा दोन मिनिटांत उरकतात आणि पुढचे दोन दिवस त्याची किंमत मोजतात. नेहमीची चूक अशी: गळा कमी वाटतो म्हणून गळा वाढवला, मग ढोलकी दबली म्हणून ढोलकी वाढवली, मग कीबोर्ड. शेवटी सगळे छपराला डोके आपटतात आणि गळा होता तिथेच राहतो. एखादा आवाज पुढे आणायचा असेल तर बाकीचे मागे घेऊन पाहावेत.

एका जागेवर दोघे

दोन आवाज एकाच कंप्रतेच्या पट्ट्यात आले की जोरकस आवाज दुसऱ्याला झाकतो. खानदेशी गाण्यात हे हमखास घडते. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागातले पावरी हे वाद्य लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्डवर उतरले आहे. त्याचा टोकदार सूर आणि बाईचा गळा यांची जागा बरीचशी एकच. गळ्याचा मूळ सूर दोन-चारशे हर्ट्झच्या आसपास असला तरी शब्द कळतात ते २ ते ५ हजार हर्ट्झमधल्या व्यंजनांमुळे. पावरीची धार नेमकी तिथे टोचते.

अहिराणीत याची किंमत जास्त मोजावी लागते. या भाषेचे व्याकरण शब्दाच्या शेपटीत असते: ‘ले’, ‘मा’, ‘ना’, ‘नी’. ‘घरले’ आणि ‘घरमा’ यांत फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर गाताना हलके पडते. ग्रिअर्सनने भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली काढला आणि खानदेशीला मात्र १९०७च्या खंडात भिल्ली भाषांसोबत बसवले. ती विभागणी पटो न पटो, अहिराणीचे वेगळेपण या प्रत्ययांत ठळक दिसते हे खरे. मिश्रणात तेच प्रत्यय बुडाले तर उरते ती नुसती चाल.

इथे इक्वलायझर कामाला येतो. गळ्यात ८० ते १०० हर्ट्झच्या खाली गाण्याचे काही नसते. तिथे पंख्याची, पावलांची, गाड्यांची घरघर असते, ती कापावी. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर २५० ते ४०० च्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करून पाहावेत. शब्द कळत नसतील तर गळ्याचा तो पट्टा चढवण्याआधी कीबोर्डचा २ ते ४ हजारांचा पट्टा तीन डेसिबलने उतरवावा. कीबोर्ड एकटा ऐकला तर किंचित मंद वाटेल. पण श्रोता तो एकटा ऐकणार नसतो, म्हणून प्रत्येक फेरफार सगळे वाजत असताना करावा.

दाब, घुमारा आणि डावे-उजवे

ओवी म्हणणारी बाई ओळ जोरात उचलते आणि दम संपत जातो तसा आवाज खाली येतो. कंप्रेसर उंच भाग थोडा दाबतो, म्हणजे मग सगळी ओळ वर घेता येते. गुणोत्तर २:१ किंवा ३:१ ठेवावे आणि काटा तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त हलू देऊ नये. त्यापुढे गेलात तर श्वास शब्दाइतकाच मोठा होतो आणि गाणारी व्यक्ती धापा टाकते आहे असे वाटते.

रिव्हर्ब म्हणजे घुमारा. तो श्रोत्याला अंतर आणि जागा सांगतो. घुमारा जास्त तितका गाणारा लांब. मोठ्या मायच्या ओव्यांना मी जो घुमारा दिला त्याने तिला धाब्याच्या घरातून उचलून देवळाच्या सभामंडपात नेऊन बसवले. नियम सोपा आहे: घुमारा ऐकू येईपर्यंत वाढवा, मग थोडा कमी करा. बंद केल्यावर चुकल्यासारखे वाटले पाहिजे, चालू असताना लक्ष जाता कामा नये.

पॅनिंगने आवाज डावीकडे-उजवीकडे बसवता येतात. मुख्य गळा आणि खर्जाचे वाद्य मध्ये, मागे झील धरणाऱ्या बायका दोन बाजूंना. पण मोबाइलच्या एका छोट्या स्पीकरवर डावे-उजवे एकत्र होतात, लग्नाच्या वरातीतही बहुधा तेच. फक्त बाजूला सरकवून वेगळे केलेले दोन आवाज तिथे पुन्हा एकमेकांवर बसतात. म्हणून मिश्रण अधूनमधून मोनो करून तपासावे.

ऐकण्याची शिस्त

१९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही आणि हा अन्याय आवाजाच्या मोठेपणाबरोबर बदलतो. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात तो भरपूर वाटतो. म्हणूनच मोठ्याने वाजवले की कोणतेही मिश्रण चांगले वाटते. काम शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येईल एवढ्या आवाजात करावे. तेवढ्यावर शब्द कळले तर वरातीतही कळतील.

वरातीच्या गाडीवर खर्ज मुळातच चढवलेला असतो. आपणही तो आधीच फुगवला तर तिथे फक्त धडधड उरते. पूर्ण झालेले गाणे मोबाइलवर, रिक्षात आणि घरातल्या जुन्या टू-इन-वनवर ऐकावे. आपल्याला आवडणारे एखादे गाणे शेजारी ठेवून, दोघांचा आवाज सारखा करून ताडून पाहावे. आवाज सारखा न करता तुलना केली तर मोठे वाजणारेच नेहमी जिंकते. गाणे नुसते मोठे करण्याची शर्यत आता तशीही व्यर्थ आहे. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठे गाणे स्वतःहून खाली आणते. तासाभराने कानाला विश्रांती द्यावी आणि शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा.

गोंगाट कोणता आणि साथ कोणती

आता मोठ्या मायच्या प्रश्नाकडे येतो. दोन ओव्यांच्या मधल्या जागेत घरोट एकटा वाजत होता. त्याचा नमुना घेऊन मी सॉफ्टवेअरला दाखवला आणि ‘हे सगळीकडून वजा कर’ असे सांगितले. जात्याची घरघर खर्जापासून टिपेपर्यंत पसरलेली असते आणि ‘स’, ‘श’ ही व्यंजने आकाराने तिच्या जवळची. घरघर वजा होताना त्यांचाही लचका तुटला, आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. हे मला त्या वेळी ऐकूही आले नाही, कारण मी शांततेवर खूश होतो.

तालाचे नुकसान याहून मोठे होते. घरोटाचा एक फेरा हे त्या गाण्याचे आवर्तन होते. ओवीच्या मध्ये ती थांबायची तेव्हा जात्यात धान्याचा घास टाकायची, फेरा मंदावायचा आणि आवाज बदलायचा. माझ्या स्वच्छ प्रतीत घरोट नाही, त्यामुळे त्या जागा नुसत्या पोकळ राहिल्या. ऐकणाऱ्याला वाटते, बाई पुढची ओळ विसरली.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी लिहून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. त्या पुस्तकातही घरोट आहे. कागदावर शब्द वाचले हे आपले भाग्यच, पण फेऱ्याचा वेग आणि घासासाठीचे थांबणे कागदावर उतरत नाही. माझ्याकडे ते उतरवणारे यंत्र होते, त्याने ते उतरवलेही होते आणि मी ते पुसले.

पुसले हा शब्द अक्षरशः खरा आहे. संगणकावरची मूळ फाइल मी त्याच नावाने पुन्हा साठवली. कॅसेट ‘आता उतरवून झाली’ म्हणून दुकानात टेपचे हेड तपासायला वापरली, तिच्यावर माझेच ‘हॅलो, हॅलो’ आहे. मोठी माय २०१४ साली गेली. उरली आहे ती बावीस मिनिटांची स्वच्छ प्रत. नंतर मी एका नातेवाईक बाईंना तोच घरोट फिरवायला लावून त्याचा आवाज मुद्रित केला आणि ओव्यांच्या खाली ठेवून पाहिला. दगड तोच होता, पण हात दुसरा. चार फेऱ्यांत दोघे एकमेकांपासून सुटले. मी तो प्रयत्न सोडून दिला.

तेव्हापासून कोणताही आवाज काढण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो: हा आवाज गाणाऱ्याला ऐकू येत होता का, आणि त्याच्या आधाराने गाणे चालले होते का? पंखा, इन्व्हर्टर, रस्त्यावरचा हॉर्न यांचे उत्तर नाही, म्हणून ते जावेत. घरोट, झोक्याची करकर, फुगडीची पावले, बांगड्या, दोन ओळींमधला श्वास यांचे उत्तर हो. ही साथ आहे. तिला गळ्याच्या मागे ठेवावे, जरूर तर चार डेसिबल खाली घ्यावे, तिचा खर्ज थोडा कापावा, पण तिची जागा रिकामी करू नये. आणि मूळ मुद्रणाला कधीही हात लावू नये. त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, फाइलच्या नावात तारीख आणि गाव लिहावे, काम नेहमी तिसऱ्या प्रतीवर करावे. आजचे आपले कान उद्या चुकीचे ठरू शकतात.

गेल्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, धुळ्यात एका घरी कानबाईच्या जागरणाची गाणी मी मुद्रित केली. पंखा थोडा वेळ बंद करू दिला, याबद्दल त्या बायकांचे आभार मानले पाहिजेत. आठवड्याने मिश्रण घेऊन त्यांच्याकडेच गेलो आणि आधी त्यांना ऐकवले. फुगडीची पावले तशीच होती, कोणाला ती खटकली नाहीत. पुढे बसून गाणाऱ्या आजी दुसऱ्या कडव्याला म्हणाल्या, ‘‘ढोलकी जराशी मांगे ले भाऊ, देवीनं नाव ऐकू येत नही.’’ त्यांचे बरोबर होते. मी ढोलकीचा फेडर दोन डेसिबलने खाली घेतला आणि कडवे पुन्हा लावले. त्यांचा हात मांडीवर ताल धरत राहिला. गाणे संपल्यावर त्यांनी पुढचे लावायला सांगितले.